एका धोंड्यात दोन ग्रॅनाइट : काणकोणच्या नमुन्यांचा प्रकरण अभ्यास

"सर, आपला ग्रॅनाइट गंगोत्रीवाल्याचा भाऊ निघाला," असं म्हणत ती माझ्या टेबलापाशी येऊन बसली, तेव्हा जानेवारी संपत आला होता आणि प्रबंध द्यायला जेमतेम तीन महिने उरले होते. ती माझी विद्यार्थिनी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. घरी मराठी, वर्गात कोंकणी आणि तक्त्यांत इंग्रजी, अशी आमच्याकडच्या बहुतेकांसारखीच. आदल्या वर्षी आमची सहल उत्तराखंडात गेली होती. गंगोत्रीच्या वरच्या अंगाला शिवलिंग आणि भागीरथी ही शिखरं ज्या पांढऱ्याफेक ग्रॅनाइटची आहेत, त्याचे नदीने खाली आणलेले गोटे तिने हाताळले होते. त्यातलं काळं टूर्मलिन आणि चमचमणारं पांढरं अभ्रक पाहून ती हरखून गेली होती. आता दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातून तिने गोळा केलेल्या आठ नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण हाती आलं होतं, आणि आठपैकी सहा नमुने आलेखावर हिमालयाच्या त्या ग्रॅनाइटच्या शेजारी जाऊन बसले होते.

खरं असतं तर ही लहान गोष्ट नव्हती. हिमालयातला हा ग्रॅनाइट गाळाच्या खडकांतून वितळून निघालेला आहे. भारत आणि आशिया एकमेकांवर आदळले, कवच जाड झालं, खाली दबलेले जुने चिखल-वाळूचे थर तापले आणि साधारण अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळात त्यांतून शिलारस पाझरला. काणकोणचा ग्रॅनाइटही तसाच असेल, तर गोव्याखाली कधीतरी तशीच टक्कर झाली होती, आणि तिच्या आधी तिथे समुद्रतळावर भरपूर गाळ साचला होता, असं म्हणावं लागलं असतं. तिने प्रबंधाचं शीर्षकसुद्धा बदलून आणलं होतं.

मी लगेच "नाही" म्हटलं नाही. एक तर मला खात्री नव्हती. दुसरं म्हणजे नमुने कुठून घ्यायचे ती यादी ऑक्टोबरमध्ये मीच सही करून दिली होती, दगड न बघता.

आधी काय ठाऊक होतं

गोव्यात लोकांना दगड म्हटलं की जांभा आठवतो, फार तर खाणींमुळे लोखंडाचा खडक. ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता-दाबाने बदलून पट्टे पडलेला खडक) यांचा पसारा पूर्वेच्या घाटाखाली आणि दक्षिणेला आहे. अनमोड घाटातला सोडियमने भरलेला ट्रॉन्ध्येमाइट नाइस सगळ्यांत म्हातारा. रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीच्या जुन्या मोजणीत त्याचं वय ३४०० ± १४० दशलक्ष वर्षं आलं. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर ज्या ग्रॅनाइट नाइसचा आहे तो २६५० ± १००, आणि काणकोणचा पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट २३९५ ± ३९०. या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. अधिक-उणे ३९ कोटी वर्षं! भारत आणि आशिया आदळले त्याला पाचेक कोटी वर्षं झाली. म्हणजे हिमालयाची आजवरची सगळी कारकीर्द या चुकीच्या एका बाजूत सातदा मावेल. रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम ही दोन्ही मूलद्रव्यं पाणी आणि उष्णता लागली की जागा सोडतात, म्हणून जुन्या खडकांत ही पद्धत अशी डगमगते. झिरकॉनच्या स्फटिकातलं युरेनियम-शिसं जास्त भरवशाचं.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण तिच्या मसुद्यातही तो डोकावत होता. "सह्याद्री पर्वतरांगेतील ग्रॅनाइट" असं ती लिहीत होती, आणि वाचणाऱ्याला वाटावं की सह्याद्री उभा राहिला त्या खटपटीत हा ग्रॅनाइट जन्मला. सह्याद्री हा घड्या पडून वर आलेला पर्वत नाही. मादागास्कर भारतापासून साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला, ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, आणि खंडाची ती पश्चिम कड उचलली जाऊन, झिजत मागे सरकत आजचा कडा झाला. गोव्यात लाव्हा ईशान्येच्या कोपऱ्यातच आहे. दक्षिणेला कड्याखाली उघडा पडलेला खडक त्याहून कितीतरी जुना. काणकोणचा ग्रॅनाइट ज्या पर्वताच्या पोटात थिजला, तो पर्वत झिजून सपाट झाल्याला युगं लोटली. आपण पाळोळ्याच्या किनाऱ्यावर ज्या गोलगरगरीत धोंड्यांना पाठ टेकून सूर्यास्त बघतो, ते त्या पर्वताचं मूळ आहे, कित्येक किलोमीटर खोलीवरचं.

१.१ ची रेघ

तिचा दावा ज्या आकड्यावर उभा होता तो ग्रॅनाइटवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. १९७४ साली चॅपेल आणि व्हाइट यांनी आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या लॅकलन पट्ट्यातल्या ग्रॅनाइटांची दोन कुळं पाडली. शिलारस थिजून झालेला (आग्नेय) खडक पुन्हा वितळून झालेला तो आय-टाइप, गाळाचा खडक वितळून झालेला तो एस-टाइप. ओळखायची सोपी खूण अशी: खडकातल्या ॲल्युमिनाचे रेणू मोजा आणि चुना, सोडा व पोटॅश (म्हणजे अनुक्रमे कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम यांची ऑक्साइडं) यांच्या एकत्र रेणूंनी भागा. उत्तर १.१ च्या वर गेलं तर एस, खाली राहिलं तर आय. जोडीला आणखी काही खुणा आहेत. पोटॅश पाचेक टक्के असताना सोडा ३.२ टक्क्यांच्या वर असेल तर आयकडे झुकतं माप, खाली असेल तर एसकडे. एसमध्ये पांढरं अभ्रक, गार्नेट, कॉर्डिएराइट अशी ॲल्युमिनाखाऊ खनिजं येतात. आयमध्ये हॉर्नब्लेंड येऊ शकतं. खडक थिजला तेव्हाचं स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं (८७ भागिले ८६) गुणोत्तर एसमध्ये ०.७०८ च्या वर.

गाळापासून आलेल्या ग्रॅनाइटात ॲल्युमिना वरचढ का, हे समजलं की पुढचं सगळं प्रकरण उलगडतं. डोंगरावरचा खडक पावसात कुजतो तेव्हा सगळ्यांत आधी प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार मोडतो. त्यातला चुना आणि सोडा पाण्यात विरघळून नदीवाटे समुद्रात जातो. ॲल्युमिना कुठे जात नाही, तो चिकणमातीत अडकून पडतो. ही माती समुद्रतळावर साचते, दगड होते, खोल दबते, वितळते. तिच्यापासून झालेल्या ग्रॅनाइटला चुना-सोड्याची ती जुनी तूट वारशाने मिळते. एस-टाइप ग्रॅनाइट म्हणजे दगडाच्या आजोबाने खाल्लेल्या पावसाची नोंद.

आता गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आजोबाने पाऊस खाल्ला की नातवाने, हे तो भागाकार कसं सांगणार?

मी तिला कागदावर एक हिशोब करायला लावला. खरा नमुना नव्हे, गणितापुरता धरलेला दगड. ॲल्युमिना १४ टक्के, चुना १.५, सोडा ३.५, पोटॅश ४.५. प्रत्येकाला त्याच्या रेणुभाराने भागून गुणोत्तर काढलं तर १.०५ येतं, सरळ आय-टाइप. आता यातला अर्धा टक्का चुना आणि अर्धा टक्का सोडा पावसाने नेला असं धरा. शंभर ग्रॅम दगडातला फक्त एक ग्रॅम गेला. हातात घेऊन कुणाला कळणारही नाही. चुना १.०, सोडा ३.०. गुणोत्तर १.२०. एस-टाइप. सोड्याची ३.२ ची रेघसुद्धा त्याच झटक्यात ओलांडली गेली, म्हणजे "दोन स्वतंत्र पुरावे जुळतात" असं प्रबंधात लिहायची सोय झाली. ते दोन पुरावे एकाच चोरीच्या दोन पावत्या आहेत.

तिने यावर जे उत्तर दिलं ते अभ्यास केलेल्या मुलीचं होतं. "पण सर, मी अपक्षयाचा निर्देशांक काढलाय. सगळे ५५ च्या आत आहेत." नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ साली मांडलेला हा निर्देशांक. ताजा ग्रॅनाइट ४५ ते ५५ च्या दरम्यान, पूर्ण चिनी माती झालेला खडक १०० च्या जवळ. तिचे नमुने त्या हिशोबाने ताजे ठरत होते.

इथे मला स्वतःलाच थोडं थांबावं लागलं. मग सूत्र फळ्यावर लिहिलं तेव्हा दोघांनाही दिसलं. निर्देशांकात ॲल्युमिनाला ॲल्युमिना, चुना, सोडा आणि पोटॅश या चौघांच्या बेरजेने भागतात. फॉस्फेटातल्या चुन्याची बारीकशी दुरुस्ती सोडली तर तेच चार घटक. म्हणजे १.१ च्या रेघेचं गुणोत्तर आणि हा निर्देशांक हा एकच आकडा आहे, दोन वेगळ्या कपड्यांत. गुणोत्तर १.०५ असेल तर निर्देशांक ५१ येतो, १.२० असेल तर ५४.६. आमचा तो काल्पनिक दगड एस-टाइपच्या अंगणात पोचला, तरी निर्देशांक त्याला ताजाच म्हणतो! एस-टाइप ठरायला जेवढी तूट पुरते, तेवढी कुजका ठरायला पुरत नाही. या फटीत तिचे सहाही नमुने अडकले होते. मी वर्षानुवर्षं हे दोन निर्देशांक दोन वेगळ्या तासांना शिकवत आलोय, आणि ते शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते, हे इथे कबूल केलेलं बरं.

कापणीतला धोंडा

संशय घ्यायला तक्त्यात आणखी एक रकाना होता, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. पूड भट्टीत तापवली की तिचं वजन किती घटतं, तो आकडा. ताज्या ग्रॅनाइटात तो सहसा एक टक्क्याच्या आत असतो, कारण अभ्रकातल्या थोड्याशा पाण्याखेरीज जायला काही नसतं. त्या सहा नमुन्यांत तो जास्त होता. दगडाने पाणी घेतलं होतं, म्हणजे कुठेतरी माती तयार झाली होती. उरलेल्या दोन नमुन्यांत तो कमी होता, आणि तेच दोन नमुने १.१ च्या खाली होते. ते दोन्ही किनाऱ्यावरचे होते.

पातळ छेद काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. क्षेत्रवहीत तिने "पांढरं अभ्रक" लिहिलं होतं, आणि एस-टाइपच्या बाजूने तोच तिचा मोठा आधार होता. गंगोत्रीच्या दगडात ते पत्र्यापत्र्याचं, स्वतंत्र, नखाने उचकटता येईल असं होतं. इथे ते प्लॅजिओक्लेजच्या पोटात पिठासारखं विखुरलेलं होतं. फेल्डस्पार बिघडताना त्यातच तयार होणारं बारीक सेरिसाइट. उन्हात धरलेल्या दगडावर तेही चमकतं. गार्नेट नाही, कॉर्डिएराइट नाही, टूर्मलिन नाही. काळं अभ्रक होतं, पण कडांना तपकिरी झालेलं, आणि त्याच्या पापुद्र्यांत गंजाच्या रेघा.

मग आम्ही दोघं तिच्या स्कूटरवरून, तिच्या जुन्या जागांवर गेलो. सहापैकी पाच नमुने रस्त्याच्या कापणीतले होते. यात तिचा दोष कमी. रस्ता रुंदावताना दगड उघडा पडतो, स्कूटर लावून हातोडा मारता येतो, जंगल तुडवावं लागत नाही. कापणीत वर तांबडा जांभा, त्याखाली पांढरट-गुलाबी शेडी (कुजून मातीसारखा मऊ झालेला खडक), आणि शेडीत रोवलेले गोल धोंडे. पाणी खडकाच्या सांध्यांतून खाली उतरतं, सांध्यांकडून आत कुजवत जातं, आणि मधला भाग कांद्याच्या गाभ्यासारखा उरतो. तिने नमुने या धोंड्यांचेच घेतले होते, शेडीचे नव्हे. चूक ढोबळ नव्हती.

तिथे खडी फोडणाऱ्या एका माणसाने आम्ही काय शोधतोय ते विचारलं. मी सांगितलं. त्याने जवळच्या धोंड्यावर घण टेकवल्यासारखा मारला, बद्द आवाज आला. "हो फातर कुसला," तो म्हणाला, म्हणजे हा दगड कुजलाय. मग दोन पावलं जाऊन दुसऱ्यावर मारला, तो खणकन वाजला. आम्हाला दोन्ही धोंडे सारखेच दिसत होते.

एक धोंडा, साधारण मोठ्या फणसाएवढा, आम्ही गाडी करून आणला आणि हिऱ्याच्या करवतीने मधोमध कापला. कापलेली बाजू ओली असतानाच बघावी. गाभा निळसर करडा, फेल्डस्पारच्या सपाट बाजू काचेसारख्या चमकणाऱ्या. बाहेर सरकत गेलं की आधी लहान फेल्डस्पारांची चमक जाते, ते खडूसारखे होतात. मोठे पोटॅश-फेल्डस्पार मात्र अजून शाबूत, त्यामुळे एकूण दगड निरोगी वाटतो. त्याच्याही बाहेर काळ्या अभ्रकाभोवती पिवळसर डाग. सगळ्यांत बाहेरच्या दोन बोटांत बोटाने दाबलं तर भुगा पडतो. गाभ्यातल्या आणि मधल्या फेल्डस्पारला मी तिला जीभ लावून पाहायला सांगितली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग लावली. गाभ्यातला काचेसारखा सरकला. मधला जिभेला चिकटला. माती झाली की ती जिभेची ओल ओढते.

गाभ्यापासून सालीपर्यंत पाच चकत्या पाडल्या, पाचही वेगळ्या दळल्या, पाचही प्रयोगशाळेत पाठवल्या. नुसते टक्के बघून भागत नाही, कारण एक घटक गेला की बाकीच्यांचे टक्के आपोआप फुगतात. म्हणून प्रत्येक घटकाला झिरकोनियमने भागलं. झिरकॉन हे चिवट खनिज आहे, कुजणाऱ्या दगडातही ते जागचं हलत नाही, म्हणून त्यातलं झिरकोनियम खुंट्यासारखं वापरता येतं. दळताना टंगस्टन कार्बाइडची वाटी वापरली असती तरी झिरकोनियमला धक्का नव्हता, पण टँटलम आणि कोबाल्ट नासले असते. तेही आम्हाला नंतर हवे होते, म्हणून अगेटची वाटी वापरली. वेळ चौपट गेला.

निकाल आला तो असा. चुना गाभ्यापासून दुसऱ्या चकतीतच घसरायला लागला होता. सोडा त्याच्यामागून. पोटॅश चौथ्या चकतीपर्यंत जवळपास जागच्या जागी, कारण ते मोठ्या फेल्डस्पारांत होतं आणि ते अजून मोडले नव्हते. ॲल्युमिना हललाच नाही. गाभ्याचं गुणोत्तर एकच्या जरासं वर. तिसऱ्या चकतीत १.१ ची रेघ ओलांडलेली. म्हणजे एकाच धोंड्याच्या आत आय-टाइपही होता आणि एस-टाइपही, आणि दोघांमध्ये वीतभर अंतर. मूळ नमुना तिने हातोड्याने उडवला होता. हातोड्याने धोंड्याचा जो भाग सहज सुटून येतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या चकतीचाच असतो.

या चकत्यांनी आणखी एक गोष्ट उघडी पाडली. सोडा गेला आणि पोटॅश राहिलं, की पोटॅश-सोड्याचं गुणोत्तर वाढतं आणि ग्रॅनाइट आहे त्याहून जास्त "पोटॅशियमयुक्त" दिसतो. प्लॅजिओक्लेजबरोबर स्ट्रॉन्शियमही जातं, रुबिडियम बरंचसं राहतं, त्यामुळे रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर चढतं आणि शिलारस खूप वेगळा होत होत शेवटच्या टप्प्यात आला होता असं वाटतं. तिच्या मसुद्यात यावर दीड पान होतं. सुंदर लिहिलेलं होतं. ते गेलं.

किनाऱ्यावर

चांगला नमुना कुठे मिळणार, याचं उत्तर तिच्या तक्त्यातल्या त्या दोन नमुन्यांनीच दिलं होतं. पाळोळ्याच्या टोकांना, जिथे ओहोटीला पायी जाता येतं, तिथे लाटा खडकाची कुजलेली साल टिकूच देत नाहीत. कापणीत कुजणं साठत जातं, किनाऱ्यावर ते रोज धुऊन निघतं. पण समुद्र फुकट काही देत नाही. खडकाच्या भेगांत मीठ बसतं, आणि मीठ म्हणजे सोडियम. म्हणजे जो आकडा आपल्याला कमी आलाय म्हणून आपण इथे आलो, तोच आकडा समुद्र वाढवून देतो. म्हणून भेगा नसलेले तुकडे निवडले, बाहेरची बाजू करवतीने काढून टाकली, उरलेले तुकडे फोडून ऊर्ध्वपातित पाण्यात कित्येकदा धुतले, आणि धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून ते दुधाळ होणं थांबेपर्यंत धुत राहिलो. शेवटचे चार नमुने दगडाच्या खाणीतून घेतले, सुरुंगाने त्याच आठवड्यात उघडा पडलेला खडक.

आकाराचाही प्रश्न होता. काणकोणच्या ग्रॅनाइटात पोटॅश-फेल्डस्पारचे स्फटिक मोठे, बोटाच्या पेरापेक्षा लांब. मुठीएवढा तुकडा घेतला तर कधी त्यात असे चार स्फटिक येतात, कधी एकही नाही, आणि पोटॅशचा आकडा दगडाबद्दल न सांगता आपल्या नशिबाबद्दल सांगतो. या वेळी प्रत्येक जागेचा नमुना पोत्यातून आणला. तिच्या घरचे विचारत होते, घर बांधताय का.

राहिला तिचा दुसरा आलेख, ज्यात रुबिडियम उभ्या अक्षावर आणि इट्रियम अधिक नायोबियम आडव्या अक्षावर असतं. पियर्स आणि सहकाऱ्यांचा १९८४ चा. त्यातही काही नमुने "टकरीच्या वेळचे" या चौकटीत गेले होते. त्यावर फार वेळ घालवला नाही. तो आलेख गेल्या चोपन्न-पंचावन्न कोटी वर्षांतल्या ग्रॅनाइटांवरून बसवलेला आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाला त्या चौकटी लावताना हात आखडता घ्यावा. शिवाय खडक कशापासून वितळला हे तो आलेख जितकं सांगतो, तितकं तो कुठल्या भूघडामोडीत वितळला हे सांगत नाही, हे पियर्स यांनी पुढे स्वतःच मांडलं आहे.

मग हा ग्रॅनाइट आला कुठून

ताज्या नमुन्यांचे निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. सगळ्यांचं गुणोत्तर १.१ च्या खाली, एकच्या आसपास. पोटॅश सोड्यापेक्षा जास्त, म्हणजे पोटॅशियमयुक्त हे बिरुद खरंच होतं, फक्त आधी वाटलं तितकं टोकाचं नाही. हलकी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं जड मूलद्रव्यांपेक्षा पुष्कळ जास्त, आणि मध्ये युरोपियमचा स्पष्ट खड्डा. युरोपियम प्लॅजिओक्लेजमध्ये शिरतं. खड्डा पडला म्हणजे वितळताना प्लॅजिओक्लेज खालीच राहिलं होतं किंवा शिलारस वर येताना ते वाटेत गळून पडलं.

हे सगळं एका साध्या कथेत बसतं. आधी अनमोडच्या जातीचा सोडियमयुक्त नाइस झाला. असे खडक पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर वितळून होतात, आणि वितळताना मागे गार्नेट उरलं तर जड मृदा मूलद्रव्यं त्यात अडकून राहतात. गोवा ज्याचा भाग आहे त्या धारवाडच्या प्राचीन भूखंडात हे काम शेकडो दशलक्ष वर्षं पुन:पुन्हा चाललं. मग आर्किअन युगाच्या शेवटी, २६० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, तेच जुनं कवच तापून स्वतः वितळायला लागलं. त्या नाइसात पोटॅशियम थोडंच, तेही मुख्यतः काळ्या अभ्रकात. ८५० अंश सेल्सियसच्या पुढे अभ्रक मोडतं आणि आपल्याजवळचं सगळं पोटॅशियम पहिल्या शिलारसाला देऊन टाकतं. किसलेलं खोबरं पिळल्यावर पहिला रस दाट निघतो, चोथ्यात कितीही उरलं तरी, तसंच. सोडियमयुक्त खडकातून पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट निघण्यात म्हणूनच विरोधाभास नाही, आणि त्यासाठी समुद्रतळाच्या गाळाची गरजही लागत नाही.

तिने विचारलं, "मग टक्कर झालीच नाही असं लिहू?" ते लिहिता येत नाही. जुनं कवच तापायला काहीतरी कारण लागतं. दोन तुकडे एकमेकांवर चढून कवच जाड होणं हे एक कारण. खालून प्रावरणातला (कवचाखालच्या थरातला) तप्त रस येऊन टेकणं हे दुसरं. शेजारच्या कर्नाटकात सुमारे २५२ कोटी वर्षांपूर्वीचा, चारशे किलोमीटर लांबीचा क्लोजपेट ग्रॅनाइट आहे, त्यात प्रावरणातून आलेला रस आणि वितळलेलं कवच या दोघांची भेसळ मानली जाते. काणकोणच्या ग्रॅनाइटात तसा काही वाटा आहे का, हे मुख्य घटकांच्या टक्क्यांवरून सांगता येणार नाही. त्याला निओडिमियमची समस्थानिकं आणि झिरकॉनमधलं हाफ्नियम लागेल. आमचा आक्षेप टकरीवर नव्हताच. गाळ वितळल्याचा पुरावा म्हणून जे मांडलं होतं, तो पावसाचा पुरावा होता, एवढंच.

प्रबंधात जुने सहा नमुने आम्ही वगळले नाहीत. ते पाच चकत्यांच्या शेजारी, त्याच आलेखावर, पोकळ वर्तुळांनी दाखवले. ताजे नमुने भरीव. पोकळ वर्तुळं एका तिरप्या रेघेवर चढत जातात आणि धोंड्याच्या चकत्याही त्याच रेघेवर चढतात, हे डोळ्यांना लगेच दिसतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच आलेखावर विचारला: चंद्रनाथ डोंगराचे जे आकडे जुन्या लेखांतून उचलून तिने तुलनेला घेतले होते, ते नमुने कापणीतले की खाणीतले? तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पारोड्याच्या त्या डोंगरावर चंद्रेश्वराचं देऊळ आहे, तिथे हातोडा चालवायला कुणी देणार नाही आणि चालवूही नये. पण पायथ्याशी एका घराच्या पायासाठी खोदकाम चाललं आहे असं तिला कळलंय. घरमालकांनी रविवारी या म्हणून सांगितलं आहे, आणि करवत आम्ही या वेळी सोबत नेणार आहोत.